मरण, दुःख आणि आपण

(मृतांच्या महिन्यानिमित्त अभ्यासपाठ)



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या मृत बांधवांसाठी राखून ठेवला आहे. १ तारखेला आपण सर्व संतांचा सण साजरा करतो आणि २ तारखेला सर्व मृत भाविकांचे स्मरण करतो. दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, ४ तारखेला, संत चार्ल्स बोरोमियो यांचा सण येतो. तो बहुधा आपल्या ध्यानात राहत नाही. हा पाठ या संताच्या मिलान शहराविषयी आहे. त्या शहरावर मरणाची मोठी लाट दोनदा आली आणि तिच्यातून इटालियन भाषेतील एक थोर कादंबरी निर्माण झाली.

घरात मरण आले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, “देवा, का?” हा प्रश्न विचारणे पाप नाही. पवित्र शास्त्रात तो पुन्हा पुन्हा येतो. पण इतिहास आणि साहित्य आपल्याला आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो आपण सहसा टाळतो. मरण दारात आले असता आपण एकमेकांशी कसे वागतो? हा पाठ या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

१. ईयोबाचे मित्र

ईयोबाची कथा आपल्याला माहीत आहे. ऊस देशातला हा नीतिमान माणूस. एकाच दिवशी त्याची गुरेढोरे लुटली गेली, चाकर मारले गेले आणि घर कोसळून त्याचे सात मुलगे व तीन मुली दगावल्या. मग त्याच्या अंगभर गळवे उठली. तो राखेत जाऊन बसला.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र त्याला भेटायला आले. त्याची दशा पाहून ते मोठ्याने रडले. मग सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्दही बोलले नाही (ईयोब २:१३). त्यांनी केलेले हे सर्वांत चांगले काम होते.

बिघाड झाला तो ते बोलू लागल्यावर. पुढच्या अनेक अध्यायांत तिघेही आळीपाळीने ईयोबाला एकच गोष्ट पटवू पाहतात. देव न्यायी आहे, म्हणून ज्याला दुःख मिळते त्याने काहीतरी पाप केलेच असले पाहिजे. बोलणे सोज्वळ, शब्द धार्मिक, पण जखमेवर मीठ चोळणारे. शेवटच्या अध्यायात देव कोणावर रागावतो? देवाकडे तक्रार करणाऱ्या, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर तो रागावतो आणि सांगतो की ते त्याच्याविषयी ईयोबासारखे यथार्थ बोलले नाहीत (ईयोब ४२:७). इतकेच नव्हे, तर त्या मित्रांसाठी ईयोबाने प्रार्थना करावी लागते.

प्रभू येशूनेही हाच हिशेब मोडून काढला. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक पापी नव्हती असे त्याने स्पष्ट सांगितले (लूक १३:४-५). जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली (योहान ९). लाजरसच्या कबरीपाशी तर प्रभू स्वतः रडला (योहान ११:३५).

२. मिलान, १५७६ : शहरात राहिलेला मेंढपाळ

१५७६ साली मिलान शहरात प्लेगची साथ आली. गव्हर्नर शहर सोडून गेला, धनिक आपापल्या गावच्या वाड्यांत गेले. आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो तेव्हा अवघ्या ३७ वर्षांचे होते. त्यांनी आपले मृत्युपत्र लिहून ठेवले आणि ते शहरातच राहिले.

त्यांनी आजाऱ्यांना भेटी दिल्या, संस्कार दिले, धर्मगुरूंना आणि संन्याशांना सेवेला बोलावले. थंडीत गरिबांच्या अंगावर कपडा नव्हता, म्हणून आपल्या वाड्यातले भारी पडदे काढून त्यांचे कपडे शिवायला दिले. अनवाणी पायांनी, गळ्यात दोर बांधून, क्रूस हाती घेऊन ते प्रायश्चित्ताच्या मिरवणुकीत चालले. त्यांनी शहराच्या पापाविषयी उपदेश केला हे खरे, पण दोर आधी स्वतःच्या गळ्यात घातला.

त्यांची एक योजना आज वाचताना विशेष वाटते. लोकांना घराबाहेर पडण्यास मनाई होती, म्हणून त्यांनी रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारल्या. घरात कोंडलेली माणसे आपापल्या खिडकीतून पवित्र मिस्सा पाहू शकत. २०२० साली ज्यांनी मोबाइलच्या छोट्या पडद्यावर मिस्सा पाहिली, त्यांना त्या खिडकीतल्या माणसांची भूक समजेल.

संत चार्ल्स ३ नोव्हेंबर १५८४ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी वारले. १६१० साली त्यांना संतपद देण्यात आले.

३. मिलान, १६३० : अफवा आणि फाशी

पन्नासएक वर्षांनी प्लेग पुन्हा आला. १६२८ व १६२९ ही दुष्काळाची वर्षे. भाकरीसाठी मिलानमध्ये दंगली झाल्या. त्यातच १६२९ च्या शरद ऋतूत जर्मन भाडोत्री सैन्य त्या प्रदेशातून गेले आणि मागे रोग ठेवून गेले. लोदोविको सेत्ताला या वयोवृद्ध डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोक्याची सूचना दिली. लोकांना ती नको होती. साथीची भीती हेच डॉक्टर पसरवत आहेत असे म्हणून जमाव सेत्ताला यांच्या अंगावर धावून गेला.

आता आर्चबिशप होते संत चार्ल्स यांचे चुलत बंधू, कार्डिनल फेदेरिको बोरोमियो. संत चार्ल्स यांच्या अवशेषांची मिरवणूक काढावी अशी शहराची मागणी होती. गर्दीने रोग वाढेल या भीतीने कार्डिनलांनी आधी नकार दिला, पण शेवटी दबावापुढे ते नमले. ११ जून १६३० रोजी मोठी मिरवणूक निघाली आणि त्यानंतर मृतांची संख्या झपाट्याने वाढली. साथ ओसरली तोवर शहराची सुमारे निम्मी लोकसंख्या नाहीशी झाली होती.

भेदरलेल्या शहराला आता कोणीतरी दोषी हवा होता. काही माणसे भिंतींना आणि दारांना विषारी मलम लावून रोग पसरवतात अशी अफवा उठली. गुलिएल्मो पियाझ्झा हा आरोग्य खात्याचा माणूस भिंतीच्या कडेने चालताना दिसला, एवढ्यावरून त्याला पकडण्यात आले. छळ सोसवेना, म्हणून त्याने जान जाकोमो मोरा या न्हाव्याचे नाव घेतले. मोराचाही छळ झाला आणि त्यानेही न केलेला गुन्हा कबूल केला. १ ऑगस्ट १६३० रोजी दोघांना हाल हाल करून मारण्यात आले. मोराचे घर जमीनदोस्त करून त्या जागी एक स्तंभ उभारला, लोकांनी गुन्हेगारांची नालस्ती कायम लक्षात ठेवावी म्हणून. तो स्तंभ १७७८ साली काढला गेला. तोपर्यंत शहाण्या माणसांना कळून चुकले होते की ती नालस्ती न्यायाधीशांचीच आहे.

न्यायाधीश ख्रिस्ती होते आणि जमावही ख्रिस्तीच होता, हे आपण विसरू नये.

४. मांझोनी यांची कादंबरी

आलेस्सांद्रो मांझोनी (१७८५-१८७३) हे मिलानचेच. तरुणपणी ते श्रद्धेपासून दूर गेले होते. १८१० च्या सुमारास ते ख्रिस्तसभेत परतले. त्यांची ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’, म्हणजे ‘वाग्दत्त वधूवर’, ही कादंबरी १८२७ साली प्रसिद्ध झाली आणि सुधारलेली आवृत्ती १८४० पासून पुढे निघाली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लग्न ठरलेल्या जोडप्यांना ती वाचण्याचा सल्ला दिला होता.

कथा साधी आहे. रेन्झो आणि लुचिया या गावाकडच्या दोन गरीब तरुणांचे लग्न ठरले आहे. डॉन रोद्रिगो नावाच्या माजलेल्या सरदाराची नजर लुचियावर आहे. तो गावच्या धर्मगुरूंना धमकी देतो आणि ते भित्रे धर्मगुरू, डॉन अबोंदियो, लग्न लावण्याचे टाळतात. त्या दोघांची ताटातूट होते. मध्ये दुष्काळ, दंगल, युद्ध येते आणि शेवटी १६३० ची साथ.

या कादंबरीतली तीन चित्रे या पाठासाठी महत्त्वाची आहेत.

पहिले चित्र एका आईचे. प्रेते नेणारी गाडी दारात उभी आहे. एक बाई आपल्या मेलेल्या लहान मुलीला, चेचिलियाला, हातांवर घेऊन बाहेर येते. मुलीला पांढरा स्वच्छ झगा घातला आहे, केस नीट विंचरले आहेत, जणू ती सणाला निघाली आहे. गाडीवाला मुलीला ओढून घेऊ लागतो, तशी आई त्याला थांबवते. ती त्याच्या हातावर पैसे ठेवते, मुलीला स्वतः गाडीत निजवते आणि संध्याकाळी पुन्हा यायला सांगते, आपल्यासाठी आणि दुसऱ्या लेकीसाठी. कार्डिनल फेदेरिको यांनी साथीविषयी लिहून ठेवलेल्या हकिगतीतून मांझोनी यांनी हा प्रसंग घेतला. ज्या शहरात माणसे प्रेताकडे कचऱ्यासारखी पाहू लागली होती, तेथे या आईने आपल्या लेकीचा मान राखला. मृत शरीर धुणे, नवे कपडे घालणे, हातात रोझरी गुंफणे, हे जे आपण करतो त्याचाही अर्थ हाच आहे.

दुसरे चित्र लाझारेत्तोचे, म्हणजे शहराबाहेरील रुग्णांच्या विस्तीर्ण वसाहतीचे. तिचा कारभार कापुचिन संन्याशांकडे होता आणि फादर फेलिचे कासाती हे तिचे प्रमुख होते. हा इतिहास आहे. मध्यभागी एक छोटे प्रार्थनामंदिर, चहूबाजूंनी उघडे, म्हणजे कोठूनही वेदी दिसावी. बरे झालेल्यांना निरोप देताना कादंबरीतले फादर फेलिचे गळ्यात दोर अडकवून गुडघे टेकतात आणि रुग्णांची क्षमा मागतात. आमच्याकडून कोठे सेवेत हयगय झाली असेल, कोणावर आम्ही चिडलो असू, तर माफ करा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. सेवा करणाराच सेवा घेणाऱ्याची क्षमा मागतो.

तिसरे चित्र क्षमेचे. फादर क्रिस्तोफोरो हे वृद्ध कापुचिन याच लाझारेत्तोत सेवा करीत आहेत. तरुणपणी रस्त्यातल्या क्षुल्लक भांडणात त्यांच्या हातून एक खून झाला होता. त्यानंतर ते संन्यासी झाले, मृताच्या भावाच्या पायांशी त्यांनी क्षमा मागितली आणि तिथून क्षमेची खूण म्हणून मिळालेल्या भाकरीचा एक तुकडा आयुष्यभर जपला. रेन्झो तेथे लुचियाला शोधत येतो. डॉन रोद्रिगो भेटला तर त्याला सोडणार नाही, असे तो बोलून जातो. फादर त्याला कडक शब्दांत झापतात, मग हात धरून एका खोपटात नेतात. तेथे डॉन रोद्रिगो बेशुद्ध पडला आहे, मरणपंथाला लागलेला. रेन्झो त्याच्यासाठी प्रार्थना करतो. पुढे फादर तो जपलेला भाकरीचा तुकडा रेन्झो आणि लुचियाला देतात, त्यांच्या मुलांसाठी. थोड्याच दिवसांत फादर स्वतः साथीला बळी पडतात.

साथीने दुष्टाला नेले आणि साधूलाही नेले. भित्रे डॉन अबोंदियो वाचले. साथ म्हणजे एक केरसुणी होती, तिने नको ती माणसे झाडून नेली, असे म्हणत ते खूश होतात. मांझोनी मात्र मरणाचा असा हिशेब मांडत नाहीत.

५. अपुरी राहिलेली कविता

मरणाविषयी असे लिहिणाऱ्या माणसालाही मरणाने सोडले नाही. १८३३ च्या नाताळच्या दिवशीच मांझोनी यांची पत्नी एन्रिकेत्ता वारली. पुढे त्यांची बहुतेक मुलेही त्यांच्या हयातीतच गेली. पत्नीच्या निधनानंतर त्या नाताळविषयी ते एक कविता लिहू लागले, पण ती पुरी करू शकले नाहीत. श्रद्धावान माणसाचेही शब्द असे संपतात, आणि त्यात श्रद्धेची हार नाही.

२२ मे १८७४ रोजी, त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, संगीतकार व्हेर्दी यांनी त्यांच्यासाठी रचलेले मृतांच्या मिस्साचे संगीत मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये प्रथम सादर झाले.

६. ‘तुम्ही’ पासून ‘आपण’ पर्यंत

साथीवरची दुसरी प्रसिद्ध कादंबरी आल्बेर कामू यांची, ‘ला पेस्त’ (१९४७). कामू श्रद्धावंत नव्हते. तरीही त्यांच्या कादंबरीतले जेज्वीट फादर पानलू आपल्याला काही शिकवून जातात. अल्जेरियातील ओरान शहरात प्लेग पसरतो. फादर पानलू पहिल्या प्रवचनात गरजतात की ही शिक्षा आहे आणि तुम्ही ती ओढवून घेतली आहे. नंतर ते रुग्णसेवेत उतरतात. एका लहान मुलाला तडफडत मरताना ते पाहतात. त्यानंतरच्या प्रवचनात त्यांचा आवाज खाली आलेला असतो आणि ते ‘तुम्ही’ न म्हणता ‘आपण’ म्हणू लागतात.

आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. ईयोबाचे मित्र जमिनीवर गप्प बसले होते तेव्हा ‘आपण’ होते. बोलू लागल्यावर ‘तू’ सुरू झाले. मिलानच्या जमावाने पियाझ्झा आणि मोरा यांना ‘आपण’मधून बाहेर ढकलले. प्रभू येशूने मात्र आपल्यात येऊन, आपले मरण स्वतः मरून, आपल्याशी नाते जोडले. क्रूसावर त्याने २२ व्या स्तोत्रातला आक्रोश केला (मत्तय २७:४६). “देवा, का?” असे विचारणारा माणूस क्रूसावरील प्रभूच्या शेजारीच उभा असतो.

७. आपल्या भागातील साथी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आहे हे ओळखले ते डॉ. अकॅसियो व्हिएगस या गोवेकर कॅथलिक डॉक्टरांनी. त्या साथीच्या काळात भाविकांनी वांद्र्यात ठिकठिकाणी क्रूस उभारले. त्यांतले काही आजही गल्लीच्या तोंडाशी दिसतात. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. त्या आपल्या धर्माच्या नव्हत्या, पण चांगल्या शोमरोन्याचा दाखला ज्याने ऐकला आहे तो त्यांना परके म्हणणार नाही.

२०२० आणि २०२१ ची आठवण अजून ताजी आहे. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कित्येकांना आपल्या माणसाचे तोंड पाहता आले नाही. त्याच दिवसांत काहींनी रुग्णांच्या घरी जेवणाचे डबे पोहोचवले, तर काहींनी रुग्णाच्या घरच्यांकडे पाठ फिरवली आणि परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडायला लावल्या. चार्ल्स बोरोमियोंचे मिलान आणि पियाझ्झाला पकडणारे मिलान, दोन्ही आपल्यातच होती.

८. ख्रिस्तसभेची शिकवण

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. त्याच्या दीडएक महिना आधी ते तुरुंगात जाऊन, आपल्यावर १९८१ साली गोळ्या झाडणाऱ्या माणसाला भेटले होते. त्या पत्राचा आशय थोडक्यात असा : दुःखाचा अर्थ केवळ शिक्षा असा लावता येत नाही. ख्रिस्ताने दुःख आपल्यावर घेऊन ते तारणाचे साधन केले. दुःख सोसणारा माणूस ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होतो. आणि इतरांचे दुःख पाहून जो थांबतो, तो चांगला शोमरोनी, हाही या दुःखाच्या शुभवर्तमानाचाच भाग आहे.

मरणानंतरही हे नाते तुटत नाही. म्हणूनच आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करतो आणि पुनरुत्थानाची आशा धरतो. पण पुनरुत्थानाची आशा सांगण्याची घाई करू नये. प्रभूला लाजरसला उठवायचे होते, तरीही तो आधी रडला.

९. मयताच्या घरी जाताना

मयताच्या घरी गेल्यावर आपण काय बोलतो ते आठवून पाहावे. “देवाला चांगली माणसे आधी हवी असतात.” “त्याची वेळ भरली होती.” “दारू सोडली असती तर ही पाळी आली नसती.” “कोणीतरी काही केले असेल.” पहिली दोन वाक्ये प्रेमाने बोलली जातात, पण तरुण मूल गमावलेल्या आईला ती टोचतात. तिसरे वाक्य ईयोबाच्या मित्रांचे आहे. चौथे वाक्य मिलानच्या जमावाचे आहे. करणी आणि नजर यांच्या संशयावरून शेजाऱ्यांतली बोलचाल वर्षानुवर्षे बंद पडते. ख्रिस्ती घरात त्याला जागा नसावी.

यापेक्षा जवळ बसावे. मृताचे नाव घ्यावे, त्याची एखादी चांगली आठवण सांगावी. रोझरीला थांबावे. आणि महिन्याची मिस्सा झाली की येणे बंद करू नये, कारण खरा एकटेपणा तेव्हाच सुरू होतो. डॉक्टरांची कागदपत्रे, बँकेची कामे, मुलांची फी, अशा गोष्टींत मदत करणे हीदेखील दयेची कामेच आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

(लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत ईयोब २:११-१३ व लूक १३:१-५ वाचून पुढील प्रश्नांवर बोलावे.)

१. आपल्या दुःखाच्या वेळी कोणाच्या कोणत्या कृतीने आपल्याला खरा आधार मिळाला? कोणत्या बोलण्याने मन दुखावले?

२. आपल्या वाडीत, वस्तीत किंवा इमारतीत गेल्या वर्षभरात कोणत्या घरी मरण आले? त्या घरी शेवटचे कोण कधी गेले होते?

३. एखाद्या मरणाचा किंवा आजाराचा दोष आपण कोणा माणसाला देत आलो आहोत का? रेन्झोला हात धरून नेले तसे आपल्याला तेथे कोण नेईल?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लाजरससाठी रडलास आणि क्रूसावर आमचे मरण मेलास. आमच्या मृत बांधवांना तुझ्या शांतीत घे. दुःखात असलेल्यांपाशी बसायला आम्हांला धीर दे. जेथे आमचे शब्द संपतात, तेथे तू आमच्याजवळ राहा. आमेन.